यकृताच्या सेग्मेंट चारमधली २.६ सेंमीची 'एसओएल' (जागा व्यापणारी गाठ): बायोप्सी करायची की थांबायचे?

जीपी_हडपसर

पेशंट ४७ वर्षांच्या बाई. पित्ताशयात खडे आहेत का ते पाहायला सोनोग्राफी केली. खडे नाहीत, पण यकृताच्या सेग्मेंट चार-अ मध्ये, समोरच्या बाजूला कॅप्सूलला (यकृताच्या बाहेरच्या आवरणाला) अगदी लागून, २.६ × २.२ सेंमीची गाठ दिसली. रिपोर्टचे शब्द असे: हायपोइकोइक (आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळपट), कडा स्पष्ट, आत बारीक इको (ध्वनीचे ठिपके), डॉपलरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) प्रवाह नाही. मग सीटी झाला. हातात फक्त पोर्टल फेजच्या (शिरेतून काँट्रास्ट दिल्यावर साधारण मिनिटभराने घेतलेल्या) फिल्म आहेत. गाठ ४२ एचयू (सीटीवर घनता मोजायचे एकक, पाणी म्हणजे ०). निष्कर्ष: 'मेटास्टॅसिस? स्क्लेरोज्ड हिमॅन्जिओमा? बायोप्सीने खात्री करावी.' म्हणजे दुसरीकडून पसरलेला कॅन्सर, की आतून घट्ट झालेली रक्तवाहिन्यांची सौम्य गाठ?

एलएफटी (यकृताच्या कामाच्या तपासण्या), एएफपी आणि सीए १९-९ (रक्तातल्या कॅन्सरच्या खुणा) नॉर्मल. हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह. वजन स्थिर, ताप नाही, कुठे प्रायमरी (मूळ कॅन्सर) सापडत नाही. माहेर फलटणच्या बाजूचे, लहानपणी घरी मेंढ्या आणि कुत्री होती.

बायोप्सीचा सल्ला मला पटत नाहीये, पण 'पाण्याची गाठ आहे, सोडून द्या' म्हणायलाही धजत नाही. ४२ एचयूची सिस्ट असते का? आणि सुई घालण्याआधी काय काय व्हायला हवे?

रेडिओ_कोथरूड

असते. साध्या सिस्टमध्ये पाण्यासारखा द्रव असतो, म्हणून ती ० ते २० एचयूमध्ये बसते. पण आत म्यूकस, प्रथिने, जुने रक्त किंवा कॅल्शियमचा गाळ असेल तर आकडा ३०-६० पर्यंत सहज जातो. पोर्टल फेजमध्ये आजूबाजूचे यकृत शंभरच्या आसपास उजळलेले असते. त्या पार्श्वभूमीवर ४२ एचयूची गाठ काळसर दिसते आणि 'कमी रक्तपुरवठ्याची घन गाठ' म्हणून तिची बोळवण होते.

खरा प्रश्न घनतेचा नाहीच. काँट्रास्ट दिल्यावर ती घनता वाढली का, हा आहे. प्लेनमध्ये (काँट्रास्टआधी) ४०, पोर्टलमध्ये ४२ म्हणजे गाठीत रक्त शिरतच नाही, आतला ऐवज निर्जीव द्रव आहे. प्लेनमध्ये २० आणि पोर्टलमध्ये ४२ असेल तर ती जिवंत ऊती. मूत्रपिंडाच्या सिस्टसाठी जो हिशेब वापरतात तोच इथे लावा: १० एचयूच्या आतली वाढ सोडून द्यावी, २० च्या वरची वाढ खरी मानावी, मधला पट्टा संशयाचा. म्हणून पहिले काम, सेंटरकडून डायकॉम (मूळ डिजिटल चित्रांची) सीडी मागा. प्लेन फेज बऱ्याचदा घेतलेला असतो, फिल्मवर छापलेला नसतो. कर्सर गाठीच्या मध्यावर, कडेपासून आत ठेवून दोन्ही फेजमध्ये मोजायला सांगा. प्लेन घेतलाच नसेल तर त्यासाठी पुन्हा सीटी करू नका, थेट एमआरआयकडे जा.

त्याआधी सोनोग्राफी एकदा परत करून घ्या, आणि नीट. चार-अ मध्ये समोर कॅप्सूलजवळची गाठ ३.५ मेगाहर्ट्झच्या कॉन्व्हेक्स प्रोबने पाहिली की पोटाच्या भिंतीचे रिव्हर्बरेशन (खोटे प्रतिध्वनी) तिच्यात पडते आणि स्वच्छ सिस्टसुद्धा आतून भरलेली दिसते. 'आत बारीक इको' यातले निम्मे असे उपरे असू शकतात. हार्मोनिक (असे खोटे इको कमी करणारी सोय) चालू करावे, नियर गेन (जवळच्या भागाचा उजळपणा) उतरवावा, आणि बाई फार जाड नसतील तर ७ ते १२ मेगाहर्ट्झचा लीनियर प्रोब लावावा. मग डाव्या कुशीवर वळवून दोनेक मिनिटे थांबावे. आतला गाळ खाली सरकला तर ती घन गाठ नाही, वाद मिटला. मागच्या बाजूला ध्वनी वाढलेला दिसतो का, तेही पाहावे. मात्र दाट म्यूकसमध्ये तो फिका असतो, म्हणून नसला तर काही सिद्ध होत नाही. 'डॉपलरवर प्रवाह नाही' यालाही तेव्हाच अर्थ असतो जेव्हा स्केल ५ सेंमी प्रति सेकंदाच्या आसपास उतरवलेली असते. यंत्राच्या ॲबडॉमेन प्रीसेटवर हळू प्रवाह दिसतच नाही.

आता जागेविषयी. सेग्मेंट चार, समोर, कॅप्सूलखाली, तीन सेंमीच्या आत, एकच कप्पा, आत दाट द्रव, काँट्रास्ट घेत नाही: हे सगळे जुळले तर यादीत सिलिएटेड हिपॅटिक फोरगट सिस्ट वर येते. अन्ननलिका आणि श्वासनलिका ज्या भ्रूणावस्थेतल्या अग्रांत्रातून होतात त्याचाच एक कोंब यकृतात अडकून राहतो, म्हणून अस्तर श्वासनलिकेसारखे, केसाळ पेशींचे. १८५७ साली फ्रीड्राइख यांनी पहिल्यांदा वर्णन केले, आजचे नाव १९८४ साली पडले. दुर्मिळ आहे, पण 'घन गाठ' म्हणून रिपोर्ट होणाऱ्या सौम्य सिस्टमध्ये हिचा क्रमांक बराच वरचा.

आणखी एक चकवा. फाल्सिफॉर्म लिगामेंटच्या शेजारी चरबीचा ठिपका, किंवा चरबीयुक्त यकृतात चरबी नसलेला पट्टा, हेही नेमके सेग्मेंट चारमध्येच. पण ते सहसा कोनाकृती असते, रक्तवाहिन्या त्यातून सरळ जातात, ढकलल्या जात नाहीत. तुमच्या केसमध्ये कडा गोल आणि स्पष्ट आहेत, म्हणून शक्यता कमी. एमआरआयच्या इन-फेज आणि आउट-फेजमध्ये (चरबी ओळखणाऱ्या चित्रांत) तेही निकालात निघेल.

फिजिशियन_सदाशिवपेठ

डॉक्टर, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटी आलीय: फलटण, मेंढ्या, कुत्री. हायडॅटिड (कुत्र्यांकडून येणाऱ्या कृमीची सिस्ट) बाजूला होईपर्यंत या गाठीला कोणीही सुई लावू नये. फाइन नीडलही नाही.

दिवाळीनंतर बारामती-फलटणकडून मेंढ्यांचे कळप घाट उतरून कोकणाकडे जातात, बरोबर कुत्री असतात. मेलेल्या किंवा कापलेल्या मेंढीचे आतडे-काळीज कुत्र्यांपुढे टाकले की एकायनोकॉकसचे (या कृमीचे) चक्र पूर्ण होते. माणूस मध्येच अडकतो. सिस्ट वर्षानुवर्षे गप्प बसते, त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीचा संपर्कही मोजायचा. फक्त 'मेंढ्या होत्या का' एवढे विचारून भागत नाही. हडपसरच्या सोसायटीत वाढलेल्या माणसालाही भटक्या कुत्र्यांमुळे किंवा न धुतलेल्या भाजीमुळे होऊ शकतो.

डब्ल्यूएचओच्या हायडॅटिडच्या सोनोग्राफी वर्गीकरणात (सीई-१ ते सीई-५) बसवून पाहा. सीई-१ मध्ये भिंतीला दुहेरी रेघ आणि पेशंट हलवल्यावर उडणारी बारीक वाळू. सीई-२ मध्ये आत पिल्लू-सिस्ट, चाकाच्या आऱ्यांसारख्या. सीई-३अ मध्ये आतला पडदा सुटून तरंगतो. ३ब मध्ये घट्ट गराच्या आत पिल्लू-सिस्ट. सीई-५ म्हणजे भिंत चुनखडीने जाड. या केसमध्ये फसवणारा प्रकार सीई-४: पिल्लू-सिस्ट नाहीत, आत मिश्र इको, लोकरीच्या गुंड्यासारखा, प्रवाह नाही. म्हणजे तुमच्या रिपोर्टशी जवळपास जुळणारे वर्णन. एमआरआयच्या टी-टूमध्ये (द्रव पांढरा दाखवणाऱ्या चित्रांत) काळी कडा आणि आत दुमडलेल्या पडद्यांच्या काळ्या रेघा दिसल्या तर सीई-४ धरा. फोरगट सिस्टमध्ये त्या नसतात.

सिरॉलॉजी (रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी) पाठवा, आयजीजी एलायझा, पण तिच्यावर डोळे झाकून विसंबू नका. सीई-१ मध्ये प्रतिजन बाहेर झिरपत नाही म्हणून, आणि सीई-४, सीई-५ मध्ये कृमी मेलेला असतो म्हणून, निगेटिव्ह येऊ शकते. उलट बाजूने, सिस्टिसर्कोसिस (फीतकृमीच्या अळ्यांचा आजार) झालेल्या माणसात खोटी पॉझिटिव्ह येते. संशय राहिला तर इम्युनोब्लॉट (खात्रीची प्रतिपिंड तपासणी). इओसिनोफिल (कृमींच्या आजारात वाढू शकणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढले नाहीत यावरून काहीच ठरत नाही, आणि कॅसोनी टेस्ट (हायडॅटिडची जुनी त्वचेवरची टेस्ट) तर आता इतिहासात जमा आहे. छातीचा एक्स-रे मात्र काढा, फुप्फुसात जोडीदार सिस्ट निघाली तर निदान तिथेच होते.

'बघू, अल्बेंडाझोल देऊन पाहू' हे करू नका. महिनाभर औषध दिल्यावर गाठ तशीच राहिली तर त्यातून निदान निघत नाही, आणि मधेच एसजीपीटी (यकृताचे एन्झाइम) वाढले तर ते कशाने, हा नवाच गोंधळ. खरी सक्रिय हायडॅटिड ठरली तरच दिवसाला १० ते १५ मिग्रॅ प्रति किलो, दोन डोसांत विभागून, तेला-तुपाच्या जेवणाबरोबर, कारण रिकाम्या पोटी ते नीट शोषलेच जात नाही. सोबत सीबीसी आणि एलएफटी ठरावीक अंतराने. सीई-४ आणि सीई-५ ला, त्रास किंवा गुंतागुंत नसेल तर, नुसती नजर पुरते.

जीपी_हडपसर

दोघांचेही आभार. सिरॉलॉजी आणि एक्स-रे आजच लिहितो. एमआरआयच्या चिठ्ठीवर काय लिहू? इथल्या सेंटरमध्ये 'एमआरआय ॲबडॉमेन विथ काँट्रास्ट' एवढेच लिहून जाते. आणि बाईंना चिंता आहे की हा कॅन्सर तर नाही ना. त्यांना आत्ता काय सांगणे योग्य?

रेडिओ_कोथरूड

चिठ्ठीवर '? एसओएल लिव्हर' लिहू नका. त्यातून मशीनवर बसलेल्या माणसाला काहीच कळत नाही. असे लिहा: 'सेग्मेंट चार-अ, सबकॅप्सुलर, २.६ सेंमी, पोर्टल फेजमध्ये ४२ एचयू. दाट द्रवाची सिस्ट की घन गाठ? फोरगट सिस्ट, म्यूसिनस सिस्टिक निओप्लाझम, हायडॅटिड सीई-४ वेगळे करावे. सबट्रॅक्शन आणि एमआरसीपी आवश्यक.' एमआरसीपी म्हणजे पित्तनलिकांची एमआरआय चित्रे; सबट्रॅक्शन म्हणजे चित्रांची वजाबाकी, ती खाली सांगतो. आधीचा सीटी आणि सोनोग्राफी पेशंटच्या हातात द्या.

क्रम साधारण असा हवा. टी-टू, आणि शिवाय लांब टीईचा (सिग्नल टिपण्याआधीची वेळ, १६० मिलिसेकंद किंवा जास्त) वेगळा टी-टू. मेटास्टॅसिस लांब टीईवर मावळते, द्रव तेजस्वी राहतो. हिमॅन्जिओमाही बराचसा राहतो, म्हणून नुसत्या टी-टूवर सिस्टचा निकाल देऊ नये. मग टी-वन इन आणि आउट फेज. मग फॅट-सॅट (चरबीचा उजेड दाबलेला) टी-वन काँट्रास्टआधी. मग ०.१ मिलिमोल प्रति किलो गॅडोलिनियम देऊन आर्टेरिअल, ६०-७० सेकंदांना पोर्टल, ३ ते ५ मिनिटांना डिलेड. डिफ्युजनमध्ये (ऊतीत पाणी किती मोकळे हलते ते दाखवणाऱ्या क्रमात) बी-व्हॅल्यू ५०, ४००, ८०० आणि एडीसी मॅप. ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) ३० च्या खाली असेल तर सेंटरला आधीच कळवा.

सगळ्यात जास्त चुका सबट्रॅक्शनपाशी होतात. म्यूकसमुळे या सिस्ट टी-वनवर आधीच पांढऱ्या असू शकतात. काँट्रास्टनंतरही पांढऱ्याच दिसतात, आणि कोणीतरी 'एनहान्समेंट' लिहून मोकळा होतो. आधीचे चित्र नंतरच्यातून वजा केल्याशिवाय अशा गाठीबद्दल बोलायलाच नको. वजाबाकी बरोबर यायची तर दोन्ही वेळी श्वास एकाच पातळीवर रोखायला हवा. नाहीतर कडेला खोटी पांढरी चंद्रकोर उमटते आणि ती 'रिम एनहान्समेंट' ठरते. म्हणून श्वास सोडून थांबायची तालीम टेबलावर झोपवण्याआधीच घ्यायला सांगा. एवढे एक वाक्य चिठ्ठीत असले तरी फरक पडतो.

गॅडोक्सेटेटसारखे पित्तातून जाणारे काँट्रास्ट सरसकट नको. सिस्ट पित्तनलिकेला जोडलेली आहे का, कॅरोली (पित्तनलिका जन्मतः फुगलेल्या असण्याचा आजार) आहे का, असा प्रश्न असेल तरच; २० मिनिटांनी ते सिस्टमध्ये उतरलेले दिसते. इथे नलिका फुगलेल्या नाहीत, साधे गॅडोलिनियम पुरे.

म्यूसिनस सिस्टिक निओप्लाझम, जुन्या नावाने बिलिअरी सिस्टॲडिनोमा (म्यूकस बनवणारी, पुढे कॅन्सर होऊ शकणारी सिस्ट), इथे विसरता येत नाही. मध्यम वयाच्या बाया, बहुधा डावीकडे किंवा सेग्मेंट चार: वय आणि जागा दोन्ही जुळतात. आकार मात्र सहसा बराच मोठा असतो, आणि आत पडदे असतात. पडदा कुठून निघतो ते पाहा. बाहेरची कड जिथे खाचते तिथूनच आत पडदा जात असेल तर बहुधा दोन साध्या सिस्ट एकमेकींना चिकटलेल्या असतात. बाहेरची कड सरळ गोल आणि पडदा मधूनच निघालेला असेल तर म्यूसिनसकडे झुकावे. जाड पडदा आणि भिंतीवरची गाठ ही मोठी धोक्याची खूण. बारीक पडदे, वरच्या बाजूची पित्तनलिका फुगणे, आत रक्तस्राव, एकूण सिस्ट तीनपेक्षा कमी असणे, या दुय्यम खुणा. एक मोठी आणि एक दुय्यम एकत्र आल्या तर संशय धरतात. युरोपियन मार्गदर्शिकेची (२०२२) मांडणीही हीच.

रक्तस्राव झालेली साधी सिस्ट मात्र भल्याभल्यांना चकवते, कारण गुठळीचे धागे हुबेहूब पडद्यांसारखे दिसतात. पुन्हा तोच निकष: धाग्यांत रक्त जात नाही, पडद्यात जाते. काँट्रास्ट सोनोग्राफीची सोय असेल तर हा प्रश्न तिथे सर्वांत स्वस्तात सुटतो.

बाईंना एवढे सांगा की रिपोर्टमध्ये 'मेटास्टॅसिस' हा शब्द प्रश्नचिन्हासह आहे आणि ते प्रश्नचिन्ह अजून कोणी तपासलेले नाही. 'काहीच नाही' असे आश्वासन आत्ताच देऊ नका.

पॅथ_कर्वेनगर

बायोप्सीबद्दल माझी बाजू. एमआरआयमध्ये द्रव ठरला आणि हायडॅटिड बाजूला झाला, तरी कोअर बायोप्सीतून (जाड सुईने काढलेल्या तुकड्यातून) फारसे हाती लागत नाही. भिंत पातळ असते, सुई तिच्यातून आरपार जाते आणि आमच्याकडे यकृताचा निरोगी तुकडा येतो. रिपोर्ट 'मॅलिग्नन्सी नाही' असा जातो आणि वाचणाऱ्याला वाटते गाठ तपासली.

एफएनएसीत (बारीक सुईने काढलेल्या पेशींच्या तपासणीत) फोरगट सिस्ट ओळखता येते, पण पाहणाऱ्याला ती डोक्यात हवी. चिकट म्यूकसच्या पार्श्वभूमीवर स्तंभाकार पेशी, वरच्या टोकाला गडद पट्टी आणि त्यावर केस, मधून गॉब्लेट पेशी. नुसता द्रव सिरिंजमध्ये पाठवला तर पेशी फार थोड्या निघतात. सगळा द्रव पाठवा, लगेच पाठवा, आणि सेल ब्लॉक (पेशी एकत्र करून मेणात बसवलेला नमुना) मागा. घट्ट द्रव २२ गेजमधून येत नाही आणि 'ड्राय टॅप, म्हणून घन गाठ' असा उलटा निष्कर्ष निघतो, हेही लक्षात असू द्या.

द्रवातले सीए १९-९ मागवू नका. पित्तनलिकेसारखे अस्तर ते स्वतःच बनवते. निरुपद्रवी साध्या सिस्टच्या द्रवातही आकडा हजारोंत जाऊ शकतो. तो पाहून घाबरलेले नातेवाईक नंतर कोणाचेच ऐकत नाहीत.

काढलेल्या नमुन्यावर निदान सोपे असते. फोरगट सिस्टला चार थर: केसाळ स्तंभाकार अस्तर, खाली सैल संयोजी ऊती, मग गुळगुळीत स्नायूंचा थर, बाहेर तंतुमय आवरण. साध्या सिस्टला स्नायूंचा थर नसतो. शंका असेल तर एसएमए (स्नायूचे प्रथिन रंगवणाऱ्या) स्टेनने तो उठून दिसतो. म्यूसिनस निओप्लाझमसाठी अस्तराखाली अंडाशयासारखा दाट स्ट्रोमा (आधार देणारी ऊती) दिसलाच पाहिजे, ईआर, पीआर (स्त्री-संप्रेरकांचे ग्राहक) आणि इनहिबिन स्टेन घेणारा. २०१० च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणापासून तो नसेल तर हे नाव लावत नाहीत. थिएटरमध्ये सिस्ट कापून, धुऊन पाठवू नका. अख्खी, निदान दसपट १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये. भिंतीचा जाड किंवा खडबडीत भाग आम्ही पूर्ण घेतो, कारण अस्तरात स्क्वेमस बदल (पेशी कातडीसारख्या चपट्या होणे) झाला असेल तर तो तिथेच सापडतो.

सर्जन_एरंडवणे

स्क्वेमस बदलाचा उल्लेख आलाच आहे म्हणून. फोरगट सिस्टमध्ये स्क्वेमस सेल कार्सिनोमा झाल्याच्या नोंदी आहेत आणि ३ ते ५ टक्के हा आकडा सगळीकडे फिरतो. त्यावरून 'दिसली की काढा' असे मानणारे बरेच आहेत, मीही साधारण त्याच बाजूचा. निदान पक्के असेल, पेशंट तरुण आणि सुदृढ असेल, सिस्ट कॅप्सूलखाली सोयीच्या जागी असेल, तर दुर्बिणीतून अख्खी सोलून काढावी. ४ सेंमीच्या वर, वाढत असेल, भिंत जाड किंवा आत गाठ असेल, किंवा पित्तनलिका-पोर्टल व्हेन दाबत असेल, तर चर्चा नकोच.

काय करू नये ते जास्त महत्त्वाचे. छत कापून फेनेस्ट्रेशन किंवा अल्कोहोल घालून स्क्लेरोथेरपी, हे साध्या सिस्टचे उपाय. फोरगट किंवा म्यूसिनस सिस्टला ते केले तर अस्तर मागे राहते, म्हणजे ज्याची भीती तेच मागे. सेग्मेंट चारमध्ये खोल बाजूला मिडल हिपॅटिक व्हेन आणि डाव्या पोर्टलचा अम्बिलिकल भाग असतो, त्यामुळे एमआरआयवर त्यांच्यापासूनचे अंतर रिपोर्टमध्ये मागून घ्या.

आणि बाईंना जेवणानंतर पोट गच्च होत असेल, तरी त्यासाठी ऑपरेशन नको. २.६ सेंमीची सिस्ट ते करत नाही.

रेडिओ_कोथरूड

सर, त्या ३ ते ५ टक्क्यांवर माझा भरवसा नाही. ज्या सिस्ट मोठ्या होत्या, त्रास देत होत्या किंवा विचित्र दिसत होत्या त्याच काढल्या गेल्या आणि त्याच छापल्या गेल्या. सोनोग्राफीत दिसून 'साधी सिस्ट' म्हणून सोडून दिलेल्या फोरगट सिस्ट भाजकात (एकूण सिस्टच्या मोजणीत) कधी आल्याच नाहीत. धोका शून्य नाही, हे मान्य. पण एक कप्पा, गुळगुळीत भिंत, सबट्रॅक्शनवर काळी, तीन सेंमीच्या आत, ४७ वर्षे: इथे पेशंटला दोन्ही वाटा सांगून त्यांना ठरवू देणे मला रास्त वाटते.

नजर ठेवायचे ठरले तर एमआरआय सहा महिन्यांनी एकदा, मग वर्षाने. याचे सर्वमान्य वेळापत्रक नाही. दरवेळी तोच क्रम, तेच प्रतल, तिन्ही मापे. आणि नुसत्या आकाराकडे पाहू नका. दोन मिलिमीटरचा फरक मोजणाऱ्या हाताचा असतो. भिंतीवर नवा उंचवटा आला तर तो मात्र त्याच दिवशी सर्जनकडे जायला हवा.

उलट, एमआरआयमध्ये ती निखळ साधी सिस्ट निघाली, म्हणजे टी-वनवर काळी, टी-टूवर पाण्यासारखी, भिंत दिसतही नाही, आणि प्लेन सीटीचे एचयूही २० च्या आत, तर फॉलो-अप काहीच नको. मग ४२ हा आकडा चुकीच्या जागी ठेवलेल्या कर्सरचा होता असे समजा. वर्षानुवर्षे साध्या सिस्टच्या सोनोग्राफ्या करत राहणे हा आपल्याकडचा वेगळाच आजार आहे.

जीपी_हडपसर

सीडी मिळाली. प्लेन फेज आहे: ३९ एचयू, पोर्टल ४२. एमआरआय वरच्या मजकुराने लिहून दिला, बायोप्सीची चिठ्ठी रद्द केली. सिरॉलॉजीचा रिपोर्ट यायचा आहे.

फिजिशियन_सदाशिवपेठ

३ एचयूचा फरक म्हणजे घन गाठीची शक्यता बरीच खाली गेली. सिरॉलॉजी निगेटिव्ह आली तरी एमआरआयच्या टी-टूमधले पडदे पाहिल्याशिवाय हायडॅटिड खोडू नका, सीई-४ मध्येही एनहान्समेंट नसतेच.